वांद्र्याचा मनोरा आणि सिडनीची कमान

अंधेरी-बोरिवलीकरांना दक्षिण मुंबईच्या वाटेवर लागणारा, 30 जून 2009 रोजी खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू वांद्र्याच्या बाजूला ‘केबल-स्टेड’ पद्धतीचा आहे, म्हणजे उंच मनोऱ्यापासून तिरप्या निघालेल्या पोलादी तारा रस्त्याला थेट तोलून धरतात, आणि त्या मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना प्रत्येकी 250 मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधील मोकळा भाग, आहे. सिडनी बंदरावरील 1932 चा पूल मात्र 503 मीटर गाळ्याची पोलादी कमान असून, तिची पाठ हळूहळू चढत जात असल्यामुळे 1998 पासून पर्यटक कमरेचा पट्टा सुरक्षा-तारेत अडकवून वाटाड्यामागोमाग 134 मीटर उंचीवर पोहोचतात. वांद्र्याच्या काँक्रीटच्या मनोऱ्याला अशी सौम्य चढण नाही. शिवाय सेतूवर पादचाऱ्यांना आणि दुचाकींनाही मज्जाव आहे, ही पूलप्रेमींना खरोखर सलणारी उणीव होय. म्हणून त्याचे उत्तम दर्शन वांद्रे किल्ल्यावरूनच घडते, कारण तेथून मनोऱ्याचे पाय रस्त्याच्या वर एकमेकांकडे झुकत जाऊन जोडलेले स्पष्ट दिसतात आणि सूर्य मावळताना तारांचा पंखा एकेका रेषेने उजळत जातो.