विसाराचे मोल

जुन्या मोटारीचे दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. या विषमतेने बाजारच खालावतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. ऑनलाइन लिलावाने तिला दुसरी बाजू जोडली आहे. येथे बोली लावणाऱ्याची ऐपत आणि हेतू विक्रेत्यास अज्ञात असतात.

नुसत्या बोलीला काही खर्च येत नाही. म्हणूनच विसार आवश्यक ठरतो. तो दिल्या शब्दाचे तारण होय. विसाराची रक्कम, बाकी पैशांची मुदत आणि व्यवहार मोडल्यास होणारे परिणाम लिलावापूर्वीच लेखी जाहीर करावेत. मात्र विसार हडपणे हा नफ्याचा मार्ग नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ वाजवी भरपाईचीच मुभा देते.

पैसे जमा झाल्याचा संदेश म्हणजे पैसे नव्हेत. शिल्लक स्वतः तपासल्यावाचून किल्ली देऊ नये. यूपीआयने रक्कम स्वीकारताना पिन लागत नाही. तो टाकावयास सांगणारा ठकच समजावा. दोन लाख वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास तर प्राप्तिकर कायद्याचीच मनाई आहे.

पूर्ण किंमत मिळाली तरी जबाबदारी संपत नाही. नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईस तोच मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तेव्हा नमुना २९ व ३० भरून नावबदल होईपर्यंत ग्राहकाकडून परतीच्या बोलीवर अनामत घ्यावी, आणि तो होताच ती विनाविलंब परत करावी. अनोळखी माणसांच्या बाजारात विश्वास गृहीत धरता येत नाही. तो अशा अटींनीच घडवावा लागतो.