माशाच्या तोंडाला कापूस

मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीला टेकला की काचेच्या टाकीतही उकाडा होतो. मग एखाद्या गोल्डफिशच्या ओठांवर पांढुरकी कड दिसते, दाणा तोंडात घेऊन तो थुंकतो. सगळे म्हणतात, बुरशी. बहुतेकदा ती नसतेच! बुरशीचे धागे पिंजलेल्या कापसासारखे मोकळे, पाण्यात हलणारे. ओठाला चिकटलेला राखाडी थर बहुधा कॉलम्नॅरिस जिवाणूंचा. काचेवर तोंड घासून खरचटलं की त्यांना वाट मिळते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासा थकतो, जिवाणू मात्र फोफावतात. मासा एक-दोन दिवसांतही दगावू शकतो.

म्हणून हवेचा पंप जोरात, आजारी मासा वेगळ्या टाकीत, रोज पाव हिस्सा पाणी बदलून क्लोरीन काढलेलं भरायचं. नुसतं खरचटलं असेल तर एवढ्यानं भरतं. लिटरला एक ग्रॅम साधं मीठ गोल्डफिशला मानवतं. जखमेतून शरीरात शिरणारं पाणी उपसण्याचं त्याचं काम हलकं होतं. पण पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी मुळातच खारं, तिथे मीठ नको. थर पसरला तर पशुवैद्यक गाठा. अँटिबायोटिक अंदाजानं टाकू नका.

आणि तोंड उघडंच राहिलं तर टॉर्चनं आत पाहा, टाकीतला खडा अडकलेला असू शकतो.