अनुशेषाची आकडेमोड

मराठवाड्यात निवडणूक आली की अनुशेषाचा विषय निघतोच. तो मोजला कसा, हे मात्र अर्थशास्त्राच्या वर्गातही क्वचितच कुणी फळ्यावर मांडून दाखवतं. संगणकावर आर्थिक आकडेमोड शिकवणाऱ्या तज्ज्ञांना छत्रपती संभाजीनगरात पहिला धडा बाहेरून आणायची गरज नाही. वि. म. दांडेकरांनी तो घालून ठेवला आहे.

दांडेकर मुळात संख्याशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेतले. नीळकंठ रथांसोबत १९७१ साली त्यांनी भारतातलं दारिद्र्य मोजलं ते माणशी रोज २,२५० उष्मांक धरून. १९६०-६१च्या भावाने खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढे १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलाच्या सत्यशोधन समितीचं अध्यक्षपद त्यांना दिलं.

समितीची रीत साधी वाटते. रस्ते, सिंचन, शाळा अशा प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढायची, मागे असलेल्या जिल्ह्याची तूट, म्हणजेच अनुशेष, मोजायची आणि ती भरून काढायला लागणारा खर्च मांडायचा. अहवालात एकूण ३,१८६.७८ कोटी रुपये निघाले, त्यात मराठवाड्याचे २३.५६ टक्के.

आता सारख्या क्षेत्रफळाचे तीन काल्पनिक जिल्हे घ्या. शंभर चौरस किलोमीटरमागे रस्ते ३०, ४० आणि ८० किलोमीटर. सरासरी ५०. पहिल्याची तूट २०, दुसऱ्याची १०, एकूण ३०. तिसरा नेमका ३०नेच पुढे आहे. त्याची आघाडी वजा केली तर अनुशेष शून्य! समितीने ती वजा केली नाही, आणि माझ्या मते तेच बरोबर होतं, कारण पुढच्या जिल्ह्यातल्या डांबरी रस्त्यावरून मागच्या जिल्ह्यातला शेतकरी कापूस बाजारात नेत नाही. पण या रीतीने राज्यभरातला प्रत्येक मागे पडलेला जिल्हा हिशेबात येतो. म्हणूनच विदर्भ-मराठवाड्याबाहेर ३७ टक्क्यांहून जास्त अनुशेष निघाला.

पायथॉनमध्ये हे सगळं दहा-बारा ओळींत बसतं. ‘सरासरीपेक्षा कमी असेल तरच धर’ ही त्यातली एक ओळ. कोट्यवधी रुपये कुणीकडे वळणार, हे ती ठरवते. शिकवणाऱ्याने थांबायचं ते इथेच. मुलांना आधी हे गणित वहीवर करू द्यावं, मग ती ओळ काढून टाकायला सांगावी आणि उत्तर का बदललं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं.

दुसरा प्रश्न एककाचा, म्हणजे सरासरी कोणत्या हद्दीची काढायची याचा. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादपासून (आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून) वेगळा झाला. जमीन तीच, माणसं तीच, पण सरासऱ्या बदलल्या. वाटणीचा हा प्रश्न जुनाच आहे. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला. कुणाच्या वाट्याला किती आणि कोणत्या तत्त्वावर, हा प्रश्न तिथेही आहेच.

अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ प्रत्येक महाविद्यालयाच्या हाताशी असायला हवं. त्यातली तालुकानिहाय कोष्टकं मुलांनी स्वतः भरावीत, आणि जायकवाडीचा पैठण व डोंगराकडेचा सोयगाव हे तालुके एकाच सरासरीत न घालता पुन्हा मोजावेत.