बाळूला संघात घेतले, पण चहा बाहेर दिला!

पणदऱ्यात काय, बारामती-इंदापुरात काय, वस्तीतले एखादे गुणी पोर मोठ्या संघाने उचलले की आम्हां खेळवेड्यांची छाती फुगते. पण आनंदाच्या मागोमाग मनात एक प्रश्नही येतो. पोराला घेतले खरे, वागवणार कसे? वाचकहो, हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या पुण्यातच तो उभा राहिला होता.

बाळू पालवणकर हे चर्मकार समाजातले. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट करून खेळपट्टी राखण्याचे काम त्यांनी महिना ३ रुपयांवर केले. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात ४ रुपये मिळू लागले. तेथे ग्रेग नावाचा नामवंत फलंदाज तासन् तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. पण बाळूंच्या हाती सरावाला बॅट कुणी दिली नाही. घाम आमचा आणि धावा साहेबाच्या!

१८९० नंतरच्या त्या दशकात पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. असा गोलंदाज दुसरा नव्हता. तरी अस्पृश्याला संघात घ्यायचे की नाही, यावर मोठा वाद झाला. अखेर घेतले. मैदानात बाळूंच्या हातचा चामड्याचा चेंडू सगळ्यांनी झेलला. त्याचा विटाळ झाला नाही. चहाची वेळ झाली की मात्र सवर्ण खेळाडू आत आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात चहा पीत! जेवणाचे ताटही वेगळे. हे वाचताना टाळी वाजवावी की मूठ आवळावी, हेच कळत नाही.

बाळूंनी उत्तर चेंडूनेच दिले. मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळताना १९०६ साली त्यांनी युरोपियन संघाला हरवण्यात मोठा वाटा उचलला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्याला येईना. १९२० साली त्यांना पुन्हा डावलले, तेव्हा धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. मग अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार करावे लागले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

आपल्या मनाला आणखी एक गोष्ट टोचते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले. त्या लढतीत आपण कोणाच्या बाजूचे, हे सांगायला नको. पण तेवढ्यासाठी बाळूंच्या मनगटाचे मोल कमी करू नये. ज्यांनी त्यांना संघात घेतले त्यांनी त्यांचा हात घेतला, माणूस घेतला नाही. त्याचा दोष बाळूंच्या माथी का मारावा?

मग घेतले ते बरे की वाईट? मला वाटते, बरेच झाले. त्या दिवशी दार उघडले नसते तर १९२३ उजाडले नसते. मात्र दार आपोआप उघडत गेले नाही. भाऊ भावासाठी उभे राहिले, तेव्हा पुढचे दार उघडले.

म्हणून माता-पित्यांनो, उद्या तुमच्या मुलाला किंवा मुलीला कोणी संघात बोलावले तर हरखून जा, पेढे वाटा. पण सही करण्याआधी करार कुणा जाणत्याकडून वाचून घ्या. पोराच्या शिक्षणाचे काय, हे विचारा. गुडघा मोडला तर औषधपाणी कोण करणार, हेही विचारा. राहायला जागा कोठे, जेवायला पंगत कोणती, हे विचारायला लाजू नका. बळी घेण्यापुरते जे आपल्याला संघात धरतात, त्यांना चहाच्या वेळी ओळखावे.