एल्मची डबी, नगरची चिंच

एका झाडाच्या तपकिरीच्या डब्या होऊन होऊन किती होतील? वॉटर्लूच्या एल्मच्या बाबतीत उत्तर द्रौपदीच्या थाळीकडे मागावं लागेल.

18 जून 1815 च्या रविवारी ब्रसेल्सच्या दक्षिणेला नेपोलियन हरला. शार्लरुआकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौफुलीवर हे झाड होतं आणि इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन लढाईत बराच वेळ त्याच्याच आसपास होता. पुढे इंग्रज पर्यटकांची रीघ लागली. कुणी साल सोलली, कुणी फांदी मोडून नेली, उभं पीक पायाखाली गेलं. शेतकरी वैतागला आणि 1818 मध्ये त्याने झाड पाडायचं ठरवलं. नेमके तेव्हाच ब्रिटिश म्युझियममधले जॉन जॉर्ज चिल्ड्रन तिथे पोचले आणि त्यांनी झाड विकत घेतलं. बरोबर मुलगी ॲना होती. तिने कुऱ्हाड पडण्याआधी झाडाचं चित्र काढून ठेवलं. (सायनोटाइपने छापलेल्या शेवाळांच्या चित्रांचं पुस्तक 1843 पासून काढणारी ॲना ॲटकिन्स ती हीच.) धाकट्या टॉमस चिपेंडेलने त्या लाकडाची खुर्ची चौथ्या जॉर्ज राजासाठी घडवली. उरल्यासुरल्या लाकडाच्या डब्या झाल्या.

अशी डबी तळहातात मावते. झाकणावर चांदीची छोटी पट्टी, तिच्यावर लढाईचं नाव. चांगल्या डबीला आतून कासवाच्या पाठीचं अस्तर, म्हणजे तपकीर सुकत नाही. अंगठ्याने झाकण उचलायचं, चिमूट घ्यायची आणि डबी शेजाऱ्यापुढे धरायची. तो पट्टी वाचणार, विचारणार, की यजमान सुरू! तपकीर हे निमित्तच असावं असं मला वाटतं. लाकूड खरं की खोटं, हे मात्र त्या पट्टीच्या भरवशावर. आणि पट्टी काय, कुठल्याही डबीवर ठोकता येते.

ॲडमिरल नेल्सनच्या जहाजांचंही असंच झालं. त्याचं ‘फूद्रोयाँ’ जून 1897 मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर फुटलं, तेव्हा मालकाने त्याच्या ओकच्या आणि तांब्याच्या वस्तू करून विकल्या. मग त्याने घेतलं ‘ट्रिंकोमाली’, मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधून 1817 मध्ये पाण्यात सोडलेलं. त्यालाही नाव दिलं ‘फूद्रोयाँ’च. ते आज हार्टलपूलला जुन्या नावाने उभं आहे. सागवानाच्या डब्या झाल्या नाहीत, कारण सागवान बुडालं नाही.

वेलिंग्टनला स्वतःला वॉटर्लूपेक्षा असईची लढाई अधिक मोलाची वाटे. भोकरदनजवळ केळणा आणि जुईच्या दुआबात 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांच्या तोफांनी त्याची 1500हून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली. असईची डबी माझ्या पाहण्यात नाही. त्याआधीच्या महिन्यात त्याने नगरचा किल्ला घेतला, तेव्हा बाहेरच्या एका चिंचेखाली तो जेवला असं सांगतात. पण चिंचेचं लाकूड आपल्याकडे घाण्याला जातं, नाहीतर खाटकाच्या ठोकळ्याला. त्याला चांदीची पट्टी कोण ठोकणार!