थंबनेल दिसत नाही, म्हणून डिझाइन बिघडलेले नसते

भिवंडी म्हटले की पॉवरलूम आणि ग्रे कापड डोळ्यांसमोर येते. पण जॅकार्डचे लूम आणि कम्प्युटर एम्ब्रॉयडरीची मशिने चालतात ती डिझाइनच्या फाइलवर. डीएसटी, ईएमबी, पीएसडी, सीडीआर अशा फाइलींनी फोल्डर भरलेला असतो आणि अनेकदा त्यात नक्षीऐवजी नुसते पांढरे आयकॉन दिसतात. मग घाईत फाइल डिलीट होते, नाव बदलले जाते किंवा तिचे जेपीजी केले जाते. या घाईचे नुकसान कापडात उतरते. म्हणून काही समजुती तपासून घेऊ.

गैरसमज : चित्र दिसत नाही, म्हणजे फाइल करप्ट आहे.

वस्तुस्थिती : विंडोज स्वतःहून ठरावीक प्रकारच्याच फाइलींची थंबनेल, म्हणजे छोटी चित्रे, बनवते. बाकीच्या प्रकारांसाठी ती फाइल वाचू शकणारा छोटा प्रोग्रॅम कम्प्युटरमध्ये असावा लागतो. तो नसला की फक्त आयकॉन दिसतो. फाइल मात्र शाबूत असते. आयफोनमध्ये 2017 पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवता येतात. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुन्याचा असा फोटो काही कम्प्युटरवर दिसत नाही, त्याचे कारण हेच. आधी फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘नेहमी आयकॉनच दाखवा’ या पर्यायावर खूण आहे का ते पाहावे. मग त्या प्रकारासाठी लागणारी सोय बसवावी. एचईआयसीसाठी ‘हीफ इमेज एक्स्टेन्शन्स’ मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर मोफत मिळते. एसव्हीजीसाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘पॉवरटॉइज’ आहे. एम्ब्रॉयडरीच्या फाइलींसाठी एम्बर्डचे ‘आयकॉनायझर’ विकत मिळते. फाइल एकदाच उघडून पाहायची असेल, तर विल्कॉमचे मोफत ‘ट्रूसायझर’ पुरते.

गैरसमज : नावापुढचे एक्स्टेन्शन बदलले की चित्र दिसू लागते.

वस्तुस्थिती : एक्स्टेन्शन ही फक्त नावातली अक्षरे आहेत. फाइलचा खरा प्रकार तिच्या आतल्या मांडणीवरून ठरतो. पीएसडीचे नाव जेपीजी केले तरी आत पीएसडीच राहते. नाव बदलल्याने एवढेच होते की पुढचा माणूस ती चुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायला जातो. प्रकार बदलायचा असेल तर फाइल तिच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून एक्स्पोर्ट करावी आणि मूळ प्रत तशीच ठेवावी.

गैरसमज : डीएसटीच्या थंबनेलमधले रंग हेच डिझाइनचे रंग.

वस्तुस्थिती : ताजिमा मशिनांमुळे रूढ झालेल्या डीएसटी फाइलमध्ये चित्र नसते, टाके असतात. सुई कुठून कुठे सरकायची, हे 0.1 मिलिमीटरच्या मापात लिहिलेले असते. प्रत्येक टाक्याला 3 बाइट. ‘इथे रंग बदला’ एवढी सूचना त्यात मिळते, पण तो रंग लाल की हिरवा, हे लिहिलेले नसते. थंबनेल बनवणारा प्रोग्रॅम आपल्या मनाने रंग भरतो. म्हणून एकच फाइल दोन कम्प्युटरवर वेगवेगळ्या रंगांत दिसू शकते. पंचिंग करणाऱ्याकडून, म्हणजे टाक्यांची फाइल बनवणाऱ्याकडून, रंगांच्या क्रमाची यादी घ्यावीच, आणि शक्य असेल तर ईएमबी फाइलही मागावी. तिच्यात धाग्यांचे रंग साठवलेले असतात.

गैरसमज : जॅकार्डच्या बीएमपीची नक्षी ताणलेली दिसते, ती नीट करायला हवी.

वस्तुस्थिती : जॅकार्डच्या ग्राफमध्ये एक ठिपका म्हणजे ताणा-बाण्याचा एक छेद. समजा, ताण्याचे इंचाला 80 धागे आहेत आणि बाण्याचे 60. तर 10 इंच चौरस नक्षीची फाइल 800 बाय 600 ठिपक्यांची होते. विंडोज प्रत्येक ठिपका चौरस धरते, म्हणून चौरस नक्षी आडवी लांबट दिसते. ती स्क्रीनवर चौरस दिसावी म्हणून कोणी 800 बाय 800 केली, तर कापडावर तिची उंची 13 इंचांच्या पुढे जाईल. स्क्रीनवर ‘चुकलेली’ दिसणारी हीच फाइल लूमसाठी बरोबर असते.

अशा फाइलचे जेपीजी करणे तर आणखी घातक. सहा रंगांच्या ग्राफमध्ये प्रत्येक रंगाला एक वीण नेमून दिलेली असते. जेपीजी फाइल लहान करताना रंगांच्या कडांवर मधल्या असंख्य छटा तयार करते, आणि त्या छटांना कोणतीच वीण नेमलेली नसते. व्हॉट्सॲपवर दाखवण्यापुरते जेपीजी ठीक आहे; लूमसाठी मूळ बीएमपीच जपावी.

गैरसमज : फाइल उघडलीच नाही, तर व्हायरसचा धोका नाही.

वस्तुस्थिती : थंबनेल बनवण्यासाठी कम्प्युटरला फाइल आतून वाचावीच लागते. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टामध्ये नेमक्या याच कामात त्रुटी होती. मुद्दाम बिघडवलेली फाइल असलेला फोल्डर थंबनेल स्वरूपात पाहणेही धोक्याचे होते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2011 मध्ये ती दुरुस्त केली. म्हणून अपडेट थांबवू नयेत, आणि थंबनेल दाखवणारी सॉफ्टवेअर त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावीत.

गैरसमज : डिझाइन डिलीट केले की त्याचे चित्रही गेले.

वस्तुस्थिती : विंडोज बनवलेली थंबनेल वेगळ्या साठ्यात ठेवते. मूळ फाइल गेल्यावरही तिचे छोटे चित्र तिथे राहू शकते. कम्प्युटर विकण्यापूर्वी फक्त फोल्डर रिकामा करून भागत नाही. संपूर्ण डिस्क पुसावी.

थंबनेल फाइल शोधायला मदत करते. फाइल बरोबर आहे की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. म्हणून फाइलच्या नावातच डिझाइन नंबर, रीड, पिक आणि माप लिहावे. एम्ब्रॉयडरीच्या फाइलसोबत रंगांची यादी जोडावी. आणि माल लावण्यापूर्वी हातभर नमुना काढून पाहावा. डिझाइन करणाऱ्याचे कित्येक दिवसांचे श्रम त्या फाइलमध्ये असतात. एवढी काळजी घेणे हे लूम लावणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.