फूल एक, पाहुणे दोन

फुलावर पांखरूं बसलें म्हणजे फळ धरलेंच, असा आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा आहे, हें दाखविण्यासाठीं आज आम्ही वाचकांस मध्य अमेरिकेंतील कोस्टारिका देशांत नेत आहों.

आपल्याकडील शिंजीर फुलांतील मध पितो, तसेच तिकडे हमिंगबर्ड नांवाचे लहान पक्षी आहेत. मात्र दोहोंचें कूळ निराळें. हमिंगबर्डाच्या तीनशेंहून अधिक जाती असून त्या सर्व अमेरिका खंडांतल्याच आहेत. हा पक्षी हवेंत एके ठिकाणीं स्थिर राहून मध शोषितो. त्यांपैकीं दोन जातींची तुलना येथें करूं.

पहिली जात हिरव्या हर्मिटाची. हर्मिट म्हणजे एकांतवासी. हा दाट रानाच्या सावलींत राहतो. याची चोंच लांब व विळ्यासारखी खालीं वांकलेली असते. हा कोणत्याही एका झाडावर हक्क सांगत नाहीं. टपालवाल्याच्या फेरीप्रमाणें दूरदूरच्या फुलांस तो ठराविक वाटेनें भेट देत जातो.

दुसरी जात तांबूस शेपटीच्या हमिंगबर्डाची. याची चोंच आंखूड, जवळजवळ सरळ, तांबडी व टोंकाशीं काळी. रानाच्या कडा, बागा व मळे हीं याचीं आवडतीं स्थळें. बहरलेलें झाड सांपडलें कीं हा तेथें वहिवाटदार बनतो आणि दुसरा पक्षी येतांच त्यास हांकून लावितो. बांधासाठीं भांडणारे शेजारी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस याचा स्वभाव सांगावयास नको.

त्या देशाच्या दक्षिण भागांतील रानांत हेलिकोनियाची एक जात उगवते. हेलिकोनिया हें केळीच्या दूरच्या नात्यांतलें झाड असून आपल्याकडेही तें बागेंत शोभेसाठीं लावितात. या जातीच्या फुलाची नळी लांब व वांकडी असते. शास्त्रज्ञांनीं तिच्यावर केलेले प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. फुलावर हातानें पराग घातला तरी तो फारसा रुजेना. परंतु हिरव्या हर्मिटासारख्या लांब चोंचीच्या पक्ष्यानें त्या फुलांतला मध तळापर्यंत शोषिला, म्हणजे परागाच्या नलिका पुष्कळ अधिक वाढूं लागल्या. तांबूस शेपटीच्या पक्ष्याच्या भेटीनें हें घडलें नाहीं, कारण त्याची चोंच तळापर्यंत पोंचत नाहीं. जणूं फूल पाहुणा ओळखून मगच दार उघडतें!

यांत हानीचें बीज कोठें आहे तें पाहा. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत त्या प्रदेशांतील पुष्कळ रान तुटून तेथें कॉफीचे मळे व गुरांचीं कुरणें झालीं. तांबूस शेपटीच्या पक्ष्यास तें मानवलें. हर्मिट मात्र उघड्या माळावरून जाण्यास नाखूष असतो व शक्य तों झाडीच्या आडोशानेंच फिरतो. म्हणून रानाचे तुकडे झाले कीं त्याची फेरी तुटते. बाहेरून पाहणारास पक्षी दिसतात, फुलेंही दिसतात. पण बीं कमी धरतें व पुढें रोपें विरळ होतात.

आपल्याकडे व्हॅनिला लावणारांस हाच धडा निराळ्या रीतीनें मिळाला आहे. त्या वेलीचे मूळ देशांतील कीटक येथें नसल्यामुळें प्रत्येक फुलांत पराग हातानें घालावा लागतो, आणि ती मजुरी मालकाच्या अंगावर पडते.

तेव्हां फुलाशीं किती पाहुणे आले एवढेंच मोजूं नये. त्यांपैकीं कामाचा कोणता तेंही पाहावें. आणि ओढ्याकांठची किंवा बांधावरची झाडी तोडण्यापूर्वीं, तिच्या आधारानें कोण ये-जा करितें याचा शेतकरी बंधूंनीं एकदां विचार करावा, एवढीच आमची सूचना आहे.